आशाताईंकडून मिळणारं लोहाचं सिरप: राखणीला उत्तम, उपचाराला अपुरं

‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ मोहिमेत ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना हे सिरप मोफत मिळतं. बाटली ५० मिलीची. दर मिलीत २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. आठवड्यातून दोनदा १ मिली, म्हणजे बाटली २५ आठवडे पुरायला हवी. दोन महिन्यांत संपली किंवा वर्षभर उरली, तर मात्रा चुकतेय.

१ मिली मोजून सोडणारं झाकण ही या बाटलीतली सगळ्यात चांगली गोष्ट. पण त्यात सिरप सुकून बसलं की कमी येतं; दर वेळी झाकणाचं तोंड पुसून घ्या. झाकण बिघडलं तर १ मिलीची खूण असलेली सुई नसलेली सिरिंज वापरा. घरातला चमचा नको, ५ मिलीच्या चमच्यात १०० मिलिग्रॅम लोह जातं.

औषध जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, म्हणजे दातांवर डाग पडत नाहीत. दुधात किंवा चहात कालवू नका, लोह नीट शोषलं जात नाही. शी काळी होते, त्याला घाबरून औषध बंद करू नका. ताप, जुलाब किंवा न्यूमोनिया असेल तर बरं होईपर्यंत थांबा. थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या किंवा वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या मुलाला हे द्यायचंच नाही.

आमची मुख्य हरकत औषधाबद्दल नाही, त्यानेच अ‍ॅनिमिया (रक्तक्षय) बरा होईल या अपेक्षेबद्दल आहे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर ही मात्रा पुरत नाही. उपचारात दर किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम लोह लागतं; दहा किलोच्या मुलाला आठवड्याला सुमारे २१० मिलिग्रॅम. इथे मिळतात ४०. म्हणून मूल फिकट, चिडचिडं दिसत असेल किंवा माती खात असेल तर आधी रक्त तपासा. ७ च्या खाली असेल तर थेट रुग्णालय. आणि दिवसाला अर्धा लिटरहून जास्त दूध पिणाऱ्या मुलाचं दूध कमी केल्याशिवाय कुठल्याही सिरपचा पुरता उपयोग होत नाही.

बाटली मात्र कुलपात ठेवा. भरलेल्या बाटलीत १००० मिलिग्रॅम लोह असतं, आणि दर किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या वर जीवघेणी विषबाधा होऊ शकते. मुलाने बाटली तोंडाला लावली तर लगेच रुग्णालय गाठा, बाटली सोबत न्या. उलट्या थांबून मूल काही तास ठीक वाटलं तरी घरी थांबू नका. तेवढ्या वेळात लोह यकृतापर्यंत पोचतं.