कोमोन, बिंगाता की सेरिझावांची पद्धत? काताझोमे शिकायचं तर सुरुवात कुठून करावी

काताझोमे म्हणजे जपानी स्टेन्सिल रंगाई शिकायचीय असं म्हणणाऱ्यांना पहिला प्रश्न हाच पडतो की नक्की कुठल्या प्रकाराला हात घालू. मूळ काम सगळीकडे तेच, कागद कोरायचा, त्यातून चिकट तांदळाचं पीठ आणि कोंड्याची शिजवलेली पेस्ट कापडावर ओढायची, वाळली की रंग द्यायचा आणि शेवटी पेस्ट धुवून टाकायची, ती होती तेवढा भाग कोरा राहतो. पण पुढे फरक फार मोठा आहे.

एदो कोमोन लांबून साधं एकरंगी कापड वाटतं, अगदी जवळ गेलं की ठिपके दिसायला लागतात. सामुराईंच्या दरबारी पोशाखावरचं हे काम. स्टेन्सिल सुझुका या शहरात कोरायचे आणि रंगवायचं एदोत, म्हणजे आताच्या टोकियोत, ही वाटणी जुनी आहे. स्टेन्सिलला तुतीच्या कुळातल्या झाडाच्या सालीचा कागद, त्याचे थर कच्च्या पर्सिमन फळाच्या तुरट रसाने चिकटवलेले, आणि कोरणारा अर्धगोल धारेची बारीक आर उभी धरून जागच्या जागी फिरवतो की एक भोक पडतं, अशी शेकडो भोकं 3 सेंटिमीटरच्या चौकोनात. रंगाऱ्याचं कामही तेवढंच कठीण, लांब फळीवर कापड चिकटवून स्टेन्सिल पुढे सरकवत जायचं, कडेच्या खुणा आधीच्या खुणांवर अचूक बसवायच्या, एक जोड हलला तर लगेच नजरेत येतो. मला हे काम प्रचंड आवडतं पण सुरुवातीला नको, कारण इथे वर्षानुवर्षं हात बसवायचा असतो आणि स्वतःचं चित्र काढायला जागा फार कमी.

बिंगाता जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांचं, तिथल्या जुन्या र्‍युक्यू राज्याच्या दरबारातलं. इथे रंगच रंग, दगडी आणि खनिज रंग सोयाबीनच्या दुधात कालवून ब्रशने घासून भरायचे, मग कडेला गडद छटा. कोरताना कागदाखाली वाळवून टणक केलेला टोफू ठेवतात. दुसऱ्या महायुद्धात, 1945 च्या ओकिनावाच्या लढाईत स्टेन्सिल, अवजारं जवळपास सगळं गेलं, तेव्हा शिरोमा एइकी यांनी अमेरिकन लष्कराच्या टाकून दिलेल्या नकाशांवर स्टेन्सिल कोरले, पेस्ट पसरायला फुटक्या ग्रामोफोन रेकॉर्डचे तुकडे घेतले आणि पेस्टच्या पिशवीला काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या तोंड म्हणून लावल्या. रंगावर जीव असेल तर बिंगाता घ्या, फक्त नक्षी ओकिनावाची आहे याचं भान ठेवा, जशीच्या तशी उचलू नका.

आता तिसरी पद्धत, आणि माझं मत हिच्याच बाजूने. सेरिझावा केइसुके यांनी (1895-1984) बिंगाता पाहिलं, भारावले, पण त्याची नक्कल न करता चित्र, कोरणं, रंगवणं सगळं एकाच माणसाने करायचं ठरवलं. 1956 मध्ये जपानने त्यांना याच कामासाठी राष्ट्रीय मानाचा दर्जा दिला. कापडाबरोबर कागदावरही केलं, कॅलेंडरं, पुस्तकांची मुखपृष्ठं, पडदे. आजच्या कलाकारांना काताझोमे जवळचं वाटतं ते मुख्यतः यामुळे, कारण कारागिरांची साखळी नसली तरी एकटा माणूस घरच्या टेबलावर सुरू करू शकतो. त्यांचे शिष्य युनोकी सामिरो तर शंभरी ओलांडेपर्यंत काम करत राहिले (2024 मध्ये गेले), मोठे आकार, काळी जाड रेघ, मोकळी जागा, 2014 मध्ये पॅरिसच्या गिमे म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन झालं. त्यांचं काम बघितलं की कळतं स्टेन्सिल म्हणजे एकच नक्षी परत परत छापायचं साधन एवढंच नाही, कात्रीने कापल्यासारखी ठाम रेघ हीच त्याची खरी ताकद आहे.

तर चित्रकार किंवा इलस्ट्रेटर असाल तर सेरिझावांच्या पद्धतीने एकाच रंगात, आधी कागदावर सुरू करा, कोरण्याचं वेड असेल तर मग कोमोनकडे जा. आणि पेस्टबद्दल एक, आपल्याकडे कोरड्या उन्हाळ्यात ती तडकते आणि कोकणातल्या पावसाळ्यात वाळतच नाही, पेस्टमध्ये घालतात ते मीठ ओलावा धरून ठेवतं त्यामुळे उन्हाळ्यात थोडं जास्त घाला आणि पावसाळ्यात हात आखडता घ्या.