गांधीलमाशीची राणी बघायला पेंटॅक्स पॅपिलिओ दुर्बीण

इंग्लंडमध्ये लेस्टरला आमच्या बागेतल्या शेडच्या छताला मे महिन्यात गांधीलमाशीच्या राणीने घरटं बांधायला घेतलं, तेव्हापासून माझी ६.५×२१ (म्हणजे साडेसहा पट मोठं दाखवणारी, २१ मिमी भिंगांची) पॅपिलिओ तिच्यावरच रोखलेली असते. ही दुर्बीण अर्ध्या मीटरवरचंही स्वच्छ दाखवते. नेहमीच्या दुर्बिणींना एवढ्या जवळचं जमत नाही. मी मात्र दाराबाहेर, चांगली दोन मीटर लांब बसते. राणीला त्रास नको.

आणि दिसतं काय काय! कुंपणाच्या फळीवरून खरवडून आणलेलं लाकूड ती लाळेत चघळते, मग मागे मागे सरकत त्या लगद्याची ओली पट्टी कडेला जोडत जाते. वाळली की झाला कागद. एक पट्टी करडी, पुढची तपकिरी. जसं लाकूड तसा रंग. आत खाली तोंड केलेल्या षटकोनी खोल्या, प्रत्येकीत एकेक अंडं. कामकरी माश्या निपजेपर्यंत हा सगळा संसार ती एकटी ओढते.

भिंगं लहान, त्यामुळे वस्तू दिवसाउजेडी वापरायची. ट्रायपॉडला लावायची सोय आहे, ती जरूर वापरा. इतक्या जवळून बघताना हात जरा हलला की राणी नजरेतून निसटते.