मराठी वाचायला शिकवणारी खेळणी आणि पुस्तकं: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

आमची पोरगी सिनियर केजीत आहे, शाळा इंग्लिश मिडियम, त्यामुळे एबीसीडी तिकडे होतेय पण मराठी वाचायला शिकवायचं काम सगळं घरावर. म्हणून गेलं वर्षभर मराठी अक्षरांचं जे काही मिळेल ते घरात जमा होतंय, काही आम्ही घेतलेलं, बरंचसं वाढदिवसाला आलेलं. आधीच सांगून टाकते, बॅटरीवालं सगळं माळ्यावर गेलंय आणि वापरात आहे ते निम्मं पुठ्ठ्याचं आहे.

पहिला नंबर बोलणाऱ्या बोर्डाचा, म्हणजे बटण दाबलं की अक्षर बोलतं तो. गिफ्ट आला होता, ब्रँड सांगत नाही, बाजारात सगळे साधारण एकाच छापाचे आहेत. पाकिटावर मोठ्ठं 'मराठी' लिहिलेलं आणि आतली बाई बोलते हिंदी वळणाचं. ळ दाबला की ल ऐकू येतो, आणि च म्हणजे फक्त चंद्रातला च, चमच्यातला च तिच्या गावी नाही. ते सोडा, पण पोरं यावर वाचत नाहीत हो, बटणं बडवतात. आमची तर कोणत्या कोपऱ्यात कोणतं बटण आहे ते पाठ करून बसली होती, तेच अक्षर पेपरात दाखवलं तर चेहरा कोरा. नका घेऊ, कोणी दिला तर हसून ठेवून द्या.

तक्ते आणि पझल घेताना डोळे उघडे ठेवा, हिंदीचाच तक्ता मराठी म्हणून खपवतात. ओळखायचं कसं, तर आधी ळ शोधा. मग ड आणि ढ खाली टिंब देऊन परत छापलेत का बघा, असतील तर तो हिंदीचा. मग ल आणि श बघा, आपला ल पाकळीवाला आणि श देठवाला, आणि २००९ साली सरकारने मराठी वर्णमालेचा जीआर काढला त्यात ॲ आणि ऑ पण आहेत, ते तक्त्यात आहेत का तेही बघा कारण पोरांच्या तोंडी बॅट, बॉल, ऑटो हेच शब्द जास्त असतात. मराठी तक्त्यांचीही गंमत आहेच म्हणा, अजून ऐरण, उखळ, एडका आणि खटारा! आमच्या सोसायटीत एडका कुणी पाहिलाय? पोरगी त्याला मेंढी म्हणते आणि मग ए च्या जागी म म्हणून मोकळी होते, यात तिचं काय चुकलं. ज्या तक्त्यात चित्र बघून घरात बोलतात तोच शब्द तोंडात येतो तो घ्या. लाकडी पझल दिसायला झकास, पण तुकडा आकार बघून खाचेत बसवला जातो, अक्षर बघून नाही. तीन वर्षांच्या मुलाला ठीक.

आता कामाची गोष्ट, मॅग्नेटची अक्षरं. सगळ्यात जास्त वापर याचा झाला, पण सेट निवडताना एक बघाच, काना, मात्रा, वेलांट्या, उकार वेगळे दिलेत का. नुसती मुळाक्षरं असलेला सेट म्हणजे कमळ, बदक, मगर इथेच गाडी थांबली. आणि दुसरी अडचण मला कुणीच सांगितली नव्हती, बहुतेक सेटमध्ये प्रत्येक अक्षर एकेकच असतं आणि काना पण एकच. म्हणजे बाबा लिहिता येत नाही, काका नाही, मामा नाही, दादा नाही, घरातले बरेच पुरुष बाद, आई आणि आजी मात्र जमतात. बाबा रुसले होते थोडे. उपाय म्हणजे एकाच कंपनीचे दोन सेट घ्या, किंवा आम्ही केलं तसं जुन्या लग्नपत्रिकांचे जाड तुकडे कापून त्यावर मार्करने जास्तीची अक्षरं आणि भरपूर काने लिहा, पैसे शून्य.

आणि हो, काचेच्या दरवाज्याचा फ्रीज असेल तर मॅग्नेट चिकटत नाहीत, आजीचं लोखंडी कपाट मात्र एकदम बेस्ट. त्या कपाटावर एकदा 'किती' लावायला सांगितलं, तिने क लावला आणि पहिली वेलांटी क च्या उजवीकडे, कारण ऐकू येताना इ नंतरच येते ना, मग ती डावीकडे का लावायची असं विचारून माझं डोकं खाल्लं. हाताने उचलून डावीकडे ठेवली तेव्हा तिच्या डोक्यात बसलं, तक्त्यावर छापलेली 'कि' शंभरदा दाखवून हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. त्यासाठीच सुटे तुकडे पाहिजेत.

फक्त मॅग्नेट तुकड्यात पक्का बसलाय का ते ओढून बघा, सुटून पोटात गेला तर फार वाईट प्रकार होतो. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो नसेल तर कितीही स्वस्त असो, ठेवून द्या.

क्रम कोणता घ्यायचा तर अ ते ज्ञ पाठ करून मग बाराखडी, असं आम्ही केलंच नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मुलांना अक्षरं गटागटाने आणि काना-मात्रा सुरुवातीपासून सोबत घेऊन शिकवली, तोच धागा आम्ही पकडला. क, म, न, प, ल, र आणि एक काना एवढ्यावर नाक, कान, पान, काम, लाल असं, माकड सोडून, निम्मं जग लिहून होतं. (माकडाला ड लागतो, लगेच मागणी आली, मग ड पण आणला.)

पुस्तकांचं सांगायचं तर जाड पानांची चकचकीत, चित्रावरच अक्षरं छापलेली पुस्तकं टाळा, पिवळ्यावर पांढरं अक्षर मलाच दिसत नाही. प्रथम बुक्सची छोटी पुस्तकं बेस्ट सुरुवात, त्यांच्यावर पातळी लिहिलेली असते, पहिल्या पातळीत २५० पेक्षा कमी शब्द आणि तेच तेच शब्द परत येतात. त्यांचंच स्टोरीवीव्हर २०१५ पासून चालू आहे, तिथे मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, डाउनलोड करून प्रिंट पण काढता येते, त्यामुळे परदेशात असाल तर कुरियरचा खर्च वाचला. ज्योत्स्ना प्रकाशनने काढलेली माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं आधी तुम्ही वाचून दाखवायला घ्या, घरात बोलतो तशी भाषा आणि चित्रंही त्यांचीच, आमच्याकडे त्यांची पानं सुटायला आलीत. नॅशनल बुक ट्रस्टची पण बघा, खिशाला परवडतात. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात जाऊन पानं उलटून घ्या, ऑनलाइन फोटोत आतला टाइप कळत नाही.

एक गोष्ट निवडताना नक्की बघा, पुस्तकात 'झोपले' आहे की 'झोपलं'. 'मांजर झोपले' असं घरात कुणीच म्हणत नाही, त्यामुळे मूल अडखळतं, भाषांतरित पुस्तकांत तर हे फारच. पण 'झोपलं' छापलेलं पण फुकट मिळत नाही बरं, वरचं टिंब बघून आमची आठवडाभर 'झोपलम्, उठलम्, पळालम्' वाचत होती आणि आजोबा हसून हसून पडत होते. बोट ठेवून मी एकदा वाचलं की ती परत वाचते, तसं हळूहळू सुटलं.

बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत, पण ते स्वतः वाचायला अजून दोनेक वर्षं तरी जावी लागतील, सध्या आम्हीच वाचून दाखवतो.

सध्या अडलंय ते जोडाक्षरांवर. अर्धी अक्षरं, रफार, 'दुसऱ्या'मधला तो चंद्रकोरीसारखा र, हे सुटं करून जोडता येईल असं खेळणं मला दुकानात कुठेच दिसलं नाही, सगळे सेट ज्ञ पाशी येऊन थांबतात. कुणाला मिळालं असेल तर दुकानाचं नाव सांगा, नाहीतर परत लग्नपत्रिका कापायला बसते.