गावात घडवलेला सागवानी मलखांब: घ्यावा का, आणि कोणत्या मापाचा?

परतवाडा, बल्लारशा, आलापल्ली या सागवानाच्या पट्ट्यात गावच्या सुताराकडून मलखांब घडवून मिळतो. लाकडाला तोड नाही. इथलं जुनं सागवान घट्ट आणि सरळ रेषांचं असतं, त्यात स्वतःचं तेल असतं. नीट घासलेल्या खांबावर अढी, म्हणजे पायांची पकड, घालताना मांडीत कुस जात नाही. तक्रार आहे ती मापाची.

अंग, त्यावरची बारीक मान आणि टोकाचं गोल बोंड हे मलखांबाचे तीन भाग. प्रचलित मापात बुडाशी घेर ५५ सेंटिमीटर, तिथून निमुळता होत वर ३५. गावातले खांब मात्र बऱ्याचदा खालून वर जवळजवळ सारख्याच जाडीचे निघतात, कारण निमुळता आकार काढायला छिलका फार जातो आणि वेळही लागतो. अशा खांबावर पक्की झालेली पकड स्पर्धेच्या बारीक मानेवर सैल पडते. बोंड एका बाजूला कललेलं असेल, तर त्यावरची तोलाची आसनं कधीच स्थिर होत नाहीत. म्हणून ताब्यात घेताना दर फुटावर टेप गुंडाळून घेर मोजा, तो समान टप्प्यांनी कमी व्हायला हवा. वजनही करा. पुरायच्या भागासकट पूर्ण खांब चाळीस किलोच्या आसपास भरतो. फार जड लागला तर लाकूड ओलं आहे, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ते उभं चिरणार. बाहेरचं फिकट लाकूड राहिलेला खांब परत करावा, उधई तिथूनच शिरते.

मापाचा एवढा आग्रह धरण्याचं कारण ऑलिम्पिक आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी देशी व्यायामप्रकार दाखवले, त्यात मलखांबही होता. प्रात्यक्षिकापासून पदकाच्या खेळापर्यंत जायला काय लागतं ते बर्फावरच्या फ्रीस्टाइल स्कीइंगकडे पाहिलं की कळतं. १९८८ मध्ये कॅलगरीत त्याचे तीन प्रकार प्रात्यक्षिक म्हणून झाले. उंचवट्यांवरून उतरायचा मोगल्स १९९२ मध्ये पदकाचा खेळ झाला, हवेत कोलांट्या घ्यायचा एरियल्स १९९४ मध्ये. संगीतावरचा स्की बॅले १९९२ मध्येही प्रात्यक्षिकच राहिला आणि पदकापर्यंत कधी पोचला नाही. मोगल्समध्ये वळणांना ६० टक्के, उड्यांना २० आणि वेळेला २० टक्के गुण अशी विभागणी आहे. म्हणजे कसरतीचा खेळही आकड्यांत बसवता येतो, आणि मलखांबही बसेल. तो ऑलिम्पिकमध्ये असायलाच हवा. २०१९ मध्ये मुंबईत त्याची जागतिक स्पर्धा झाली, खेलो इंडियातही तो आला आहे. पण गुण सारखे द्यायचे तर साधन सगळीकडे सारखं लागतं, आणि ते मेळघाटातल्या आखाड्यातही तसंच लागतं. वयोगटाप्रमाणे चालू मापपत्रक जिल्हा संघटनेकडून आणून सुताराच्या हाती द्या, तोंडी सांगू नका.

आता पुरणं. बहुतेक खांब इथेच बिघडतात. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि नुसत्या मातीत रोवलेला खांब एका पावसाळ्यात कलतो. अडीच फूट रुंद, चार फूट खोल खड्डा घेऊन काळी माती पूर्ण काढून टाका. तळाशी अर्धा फूट दगडगिट्टी घाला म्हणजे पाणी निचरेल. पुरायच्या साडेतीन फुटांना डांबराचे दोन हात द्या, जमिनीच्या वर चार बोटं येईपर्यंत, कारण कुजणं सुरू होतं ते नेमकं माती आणि हवा मिळतात तिथे. मग मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी टाकून, पाणी शिंपडून धुमसाने ठोका. प्रत्येक थरानंतर दोन बाजूंनी ओळंबा लावा. निमुळत्या खांबाची कड ओळंब्याला समांतर कधीच दिसणार नाही, तेव्हा बोंडाचा मध्य बुडाच्या मध्यावर येतो का ते पाहा. खांब थेट काँक्रीटमध्ये बसवण्याचा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नये. लाकूड आकसलं की फट पडते, तिच्यात पाणी साचतं आणि बूड आतून सडतं.

व्हार्निश किंवा रंग नको, घामाने त्यावर पकड सुटते. एरंडेल तेल फडक्याने पातळ चोळावं आणि जादा पुसून घ्यावं. जाड थरावर आखाड्याची धूळ बसून खरखरीत पापुद्रा होतो, तोच मांड्या सोलतो. हाताला राळ अगदी चिमूटभर. उन्हाळ्यात भर दुपारी खांबावर ओलं पोतं गुंडाळू नका, सावलीसाठी वर पत्रा घाला. ओलं-सुकं होत राहिल्यानेच चिरा पडतात. बारीक चीर काचकागदाने घासून चालते. नख आत जाईल एवढी चीर मानेत दिसली, तर त्या खांबावर पोरं चढवू नयेत.

लाकडाला पूर्ण गुण, घडणीला निम्मे. सुतार मापपत्रकाप्रमाणे करायला तयार असेल तर गावातलाच घ्या. पैसे उरले तर ते पॉलिशवर न घालता चारही बाजूंच्या गाद्यांवर घाला.