रिव्हर्स प्रॉक्सीमागचे सापेक्ष दुवे: कोणता मार्ग निवडावा?

एका डोमेनखाली अनेक अ‍ॅप्लिकेशन चालवायची आणि त्यांच्यापुढे भार वाटणारी रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरची मागणी घेऊन आतल्या सर्व्हरकडे पोहोचवणारा मध्यस्थ) उभी करायची असे ठरले, की पहिली अडचण दुव्यांची येते. समजा, बाहेरून '/अहवाल/' या पत्त्यावर दिसणारे अ‍ॅप्लिकेशन आत ३ सर्व्हरांवर थेट '/' वर चालते. त्याने पानात '/स्टाइल.सीएसएस' असा दुवा दिला, तर ब्राउझर तो डोमेनच्या मुळापासून मागतो. ही मागणी अहवालाची आहे हे प्रॉक्सीला कळत नाही आणि पान रंगरूपाविना उघडते. सुरुवातीची तिरपी रेघ काढली तर दुवा खऱ्या अर्थाने सापेक्ष, म्हणजे उघडलेल्या पानाच्या पत्त्यावरून ठरणारा, होतो, पण मग सारे पत्त्याच्या शेवटावर अवलंबून राहते: '/अहवाल/' वरून तो '/अहवाल/स्टाइल.सीएसएस' असा सुटतो, तर '/अहवाल' वरून पुन्हा '/स्टाइल.सीएसएस'.

पहिला मार्ग स्वतंत्र सबडोमेनचा. अ‍ॅप्लिकेशन मुळाशीच राहते, त्यामुळे एकही दुवा बदलावा लागत नाही. डीएनएसची नोंद आणि प्रमाणपत्र एवढा खर्च येतो. मात्र ओरिजिन (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट मिळून बनणारी साइटची ओळख) बदलत असल्याने मुख्य साइटच्या एपीआयला हाक मारताना सीओआरएसची (दुसऱ्या ओरिजिनला दिलेल्या परवानगीची) आणि सामाईक लॉगिनसाठी कुकीच्या डोमेनची व्यवस्था करावी लागते. ती जमणार असेल, तर मी हाच मार्ग आधी सुचवेन.

दुसरा मार्ग, अ‍ॅप्लिकेशनलाच प्रीफिक्स, म्हणजे '/अहवाल' हा पत्त्याचा सुरुवातीचा भाग, सांगण्याचा. पायथनच्या डब्ल्यूएसजीआय या वेब जोडणीत त्यासाठी स्क्रिप्ट_नेम आहे, जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये कॉन्टेक्स्ट पाथ आहे, किंवा प्रॉक्सी एक्स-फॉरवर्डेड-प्रीफिक्स हा हेडर (मागणीसोबत जाणारी माहितीची ओळ) पाठवू शकते. या हेडरवर विश्वास मात्र प्रॉक्सीकडून आलेल्या मागणीपुरताच ठेवावा, कारण तो कोणीही पाठवू शकतो. मागणी कोणत्या साइटसाठी आहे ते सांगणाऱ्या होस्ट हेडरकडेही लक्ष हवे: एनजिनएक्स ही प्रॉक्सी वेगळे न सांगितल्यास मागचा सर्व्हर ठरवणाऱ्या प्रॉक्सी_पास या सूचनेत लिहिलेले नाव होस्ट म्हणून पुढे पाठवते, आणि अ‍ॅप्लिकेशन पूर्ण पत्ते बनवत असेल तर 'बॅकएंड' असे आतले नाव थेट वाचकाच्या ब्राउझरमध्ये पोहोचते. स्वतःचा कोड हाती असेल आणि सबडोमेन मिळत नसेल, तर हा मार्ग निश्चिंतपणे घ्यावा.

तिसरा मार्ग, प्रॉक्सीनेच उत्तर दुरुस्त करण्याचा. अपाची या वेब सर्व्हरची प्रॉक्सीपासरिव्हर्स आणि एनजिनएक्सची प्रॉक्सी_रिडायरेक्ट या सूचना रिडायरेक्टचा लोकेशन हेडर सुधारतात, पण पानातल्या मजकुराला हात लावत नाहीत. अनेकांची फसगत नेमकी येथे होते: लॉगिननंतर पान योग्य पत्त्यावर जाते, म्हणून काम झाले असे वाटते, आणि त्यातली चित्रे व बटणे मात्र मोडलेलीच राहतात. मजकूर बदलण्यासाठी एनजिनएक्समध्ये सब_फिल्टर आहे. परंतु मागचा सर्व्हर उत्तर जीझिपने दाबून पाठवत असेल तर त्याला काही सापडत नाही, म्हणून ॲक्सेप्ट-एन्कोडिंग हा, दाबलेले उत्तर चालेल का ते सांगणारा, हेडर रिकामा पाठवावा लागतो. शिवाय जावास्क्रिप्टने तुकडे जोडून तयार केलेला पत्ता कोणत्याच शोध-बदलात सापडत नाही. ज्याचा कोड बदलता येत नाही अशा जुन्या, बंदिस्त प्रणालीसाठीच हा मार्ग राखून ठेवावा.

निवड कोणतीही असो, तपासणी लोड बॅलन्सरमधून, म्हणजे त्याच भार वाटणाऱ्या प्रॉक्सीतून, एकदा पान उघडून संपत नाही, कारण ३ पैकी एकाच सर्व्हरवर जुना प्रीफिक्स राहिला तर दोष कधी दिसतो, कधी लपतो. म्हणून दर वेळी दोन सर्व्हर गटातून काढून उरलेल्या एकावर पान शेवटच्या रेघेसह आणि रेघेविना उघडावे, लॉगिन करावे, फाइल उतरवून पाहावी, आणि मगच पुढचा सर्व्हर घ्यावा.