लाइन ६ एचएक्स स्टॉम्प: आवाज भरपूर, जागा मोजकी

लाइन ६ कंपनीचा एचएक्स स्टॉम्प हा गिटारचा डिजिटल प्रोसेसर २०१८मध्ये आला. आकार पेडलएवढा असला तरी आतली अ‍ॅम्प मॉडेल्स (खऱ्या गिटार अ‍ॅम्पच्या डिजिटल नकला) त्याच कंपनीच्या मोठ्या हेलिक्स प्रोसेसरचीच आहेत. आवाजात तो कमी पडत नाही, अडतो तो जागेवर. सुरुवातीला एका प्रिसेटमध्ये (साठवलेल्या आवाजाच्या मांडणीत) सहाच ब्लॉक, म्हणजे अ‍ॅम्प किंवा इफेक्टच्या जागा, मिळायचे, फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) ३.०पासून आठ मिळतात. पण डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारी चिप) एकच असल्यामुळे आठही जागा भरता येतीलच असं नाही. जे मॉडेल मावत नाही, ते यादीत करडं दिसतं.

पहिला ब्लॉक टाकण्याआधी आवाज कुठे जाणार हे ठरवा. मिक्सर, स्टुडिओ मॉनिटर किंवा पॉवर्ड स्पीकरमध्ये जाणार असेल, तर कॅब (अ‍ॅम्पच्या स्पीकर कॅबिनेटची नक्कल) किंवा आयआर (खऱ्या कॅबिनेटच्या आवाजाची फाइल) हवाच. खऱ्या गिटार अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये जाणार असेल, तर अ‍ॅम्प आणि कॅब दोन्ही काढून फक्त इफेक्ट ठेवा, नाहीतर गिटार घोंगडीखालून वाजल्यासारखी ऐकू येते. अशा वेळी ग्लोबल सेटिंग्जमध्ये आउटपुट ‘लाइन’ऐवजी ‘इन्स्ट्रुमेंट’ करायचं बरेचजण विसरतात. मग अ‍ॅम्पचं इनपुट उगाच फाटतं आणि दोष मॉडेलिंगला दिला जातो.

अ‍ॅम्प ब्लॉकमध्ये ड्राइव्ह आणि मास्टर टोन बदलतात, ‘चॅनल व्हॉल्यूम’ मात्र फक्त पातळी बदलतो. आवाज वाढवायचा तर त्यानेच. कॅबमधले लो कट आणि हाय कट मुळात बंद असतात. लो कट ८० ते १०० हर्ट्झ आणि हाय कट ६ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास आणला की डिस्टॉर्शनवरची करकर बऱ्याच अंशी जाते. हे सगळं ज्या आवाजात वाजवणार त्याच आवाजात करा. कमी आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, म्हणून खोलीत दोन्ही वाढवले जातात आणि मंचावर तोच टोन घुमतो आणि बोचतो.

खरी मजा आणि खरी कटकट स्नॅपशॉटमध्ये, म्हणजे एकाच प्रिसेटच्या साठवलेल्या वेगवेगळ्या स्थितींमध्ये, आहे. एका प्रिसेटमध्ये तीन मिळतात. प्रिसेट बदलताना आवाजात क्षणभर खंड पडतो, स्नॅपशॉट बदलताना पडत नाही. डिलेचं (प्रतिध्वनीच्या इफेक्टचं) ‘ट्रेल्स’ चालू ठेवलं तर विरत जाणाऱ्या प्रतिध्वनीची शेपूटही टिकते. नॉब दाबून फिरवला की तो पॅरामीटर स्नॅपशॉटला जोडला जातो आणि त्याच्या किमतीभोवती कंस दिसतो. मात्र स्नॅपशॉट मॉडेल बदलत नाही, फक्त ब्लॉक चालू-बंद आणि किमती बदलतो. क्लीनला (स्वच्छ आवाजाला) एक अ‍ॅम्प आणि लीडला (सोलोला) दुसरा हवा असेल, तर दोन्ही प्रिसेटमध्ये ठेवावे लागतात, आणि अ‍ॅम्प मॉडेल डीएसपी भरपूर खातात.

म्हणून एकच अ‍ॅम्प घ्या, उदाहरणार्थ मार्शलच्या जेसीएम ८०० अ‍ॅम्पवर बेतलेला ‘ब्रिट २२०४’. क्लीनला ड्राइव्ह २च्या आसपास, क्रंचला (किंचित फाटलेल्या आवाजाला) ५-६, आणि लीडला अ‍ॅम्पच्या आधी ‘स्क्रीम ८०८’ हा ओव्हरड्राइव्ह इफेक्ट. ड्राइव्ह उतरवला की आवाजही पडतो, तो चॅनल व्हॉल्यूमने भरून काढा. लीडची उचल आउटपुट ब्लॉकच्या लेव्हलवर द्या, ती डेसिबलमध्येच असते: २ ते ३ पुरे. ‘स्नॅपशॉट एडिट्स’ डिस्कार्डवर असेल तर सेव्ह न करता दुसऱ्या स्नॅपशॉटवर जाताच केलेले बदल जातात. प्रोग्रॅमिंग करताना ते रिकॉलवर ठेवा.

तरीही जागा पुरत नसेल, तर डिले आणि रिव्हर्ब स्टीरिओऐवजी मोनो करा, आयआर २०४८ सॅम्पलऐवजी १०२४ सॅम्पलचा घ्या. पॉली पिच (एकत्र वाजणाऱ्या सुरांची पट्टी बदलणारी) मॉडेल खादाड आहेत, ते आधी टाका आणि उरलेल्यात बाकीचं बसवा. अ‍ॅम्प+कॅब हा एकत्र ब्लॉक जागा वाचवतो, पण आयआर वापरायचा तर अ‍ॅम्प एकटाच घ्यावा लागतो आणि दोन जागा जातात.

फर्मवेअर बदलण्याआधी एचएक्स एडिट या संगणकावरच्या अ‍ॅपमधून पूर्ण बॅकअप घ्या. वीजपुरवठाही मूळचाच बरा: ९ व्होल्ट, ३ अँपिअर. नेहमीच्या पेडल सप्लायच्या ५०० मिलिअँपिअरच्या आउटपुटचा भरवसा धरू नका.

तीन फूटस्विच कमी वाटतील, तर एक्सप्रेशन जॅकवर आणखी दोन जोडता येतात. एचएक्स स्टॉम्प एक्सएल या मोठ्या आवृत्तीत आठ स्विच आणि चार स्नॅपशॉट आहेत. पायाची सोय होते, पण डीएसपी तेवढंच राहतं. ज्याला दोन अ‍ॅम्प एकाच वेळी हवेत, त्याने एक्सएलकडे न जाता थेट हेलिक्स पाहावा.