आठ महिने वापरल्यानंतर: कार्ड मशीन आणि 'डिक्लाइन्ड'ची भानगड

दुकान कपड्यांचं. मशीन साधं, हातात धरायचं, चार-जी सिम आणि वायफाय दोन्हीवर चालणारं. बॅटरी दिवसभर पुरते, ५७ मिलिमीटरचा रोल कुठेही मिळतो, छपाई स्वच्छ येते. अडचण येते ती कार्ड नाकारलं गेल्यावर. पडद्यावर नुसतं 'डिक्लाइन्ड' दिसतं, कारण दिसत नाही. कारण असतं स्लिपवर, 'रिस्पॉन्स कोड'समोरच्या दोन आकड्यांत. नाकारलेल्या व्यवहाराची स्लिप आमच्या मशीनवर सुरुवातीला बंद होती. ती मदत केंद्राला फोन करून चालू करून घेतली आणि निम्मी डोकेदुखी गेली.

५१ म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत. हे चारचौघांत मोठ्याने सांगू नये. "काका, हे कार्ड बँक घेत नाहीये, दुसरं देता का?" एवढं पुरतं. ५५ म्हणजे पिन चुकला, ७५ म्हणजे चुकीच्या पिनचे प्रयत्न संपले. ५५ दुसऱ्यांदा आलं की तिसऱ्यांदा पिन टाकायला लावू नका, कार्ड लॉक होऊन गिऱ्हाइकाचा पुढचा दिवसही खराब होतो. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. ६१ आणि ६५ मर्यादेचे: पहिला रकमेच्या, दुसरा व्यवहारांच्या संख्येच्या.

५७ नीट समजून घ्यायला हवा. कार्ड चांगलं, खात्यात पैसेही आहेत, पण त्या प्रकारच्या व्यवहाराला परवानगी नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डावर टॅप, ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ग्राहकाने ते स्वतः चालू करायचे असतात. म्हणून टॅप नाकारला की आधी चिप घालून पाहा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाहीतर ग्राहकाला बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'कार्ड कंट्रोल' किंवा 'मॅनेज कार्ड' उघडून दुकानातला वापर चालू आहे का आणि मर्यादा किती ठेवली आहे ते बघायला सांगा. एका टॅपला ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, पण ग्राहकाने स्वतः १,००० ची मर्यादा घातली असेल तर १,२०० च्या बिलालाही टॅप अडतो.

५८ मात्र आपल्या बाजूचा. आपल्या मशीनला त्या प्रकारचा व्यवहार मंजूर नाही, उदाहरणार्थ परदेशी कार्ड किंवा हप्त्यांची सोय. स्लिपवरचा टीआयडी, म्हणजे मशीनचा ओळख क्रमांक, सांगून मदत केंद्राकडून ती सोय सुरू करून घ्यावी लागते. ०५ मध्ये ग्राहकाची बँक नाही म्हणते आणि कारण सांगत नाही. तेच कार्ड चार वेळा घासून उपयोग नसतो, कार्डाच्या मागच्या नंबरवर ग्राहकानेच फोन करायचा.

९१ म्हणजे ग्राहकाच्या बँकेकडून उत्तर आलं नाही. इथे दुसऱ्या बँकेचं कार्ड लावून बघावं. ते चाललं तर दोष पहिल्या बँकेचा. तीन वेगवेगळ्या बँकांच्या कार्डांना ९१ आला तर अडचण मधल्या यंत्रणेत आहे, तेवढा वेळ क्यूआर पुढे करा. कोडच आला नाही, नुसतं 'कनेक्शन फेल' आलं, तर सिमचा सिग्नल गेलेला असतो. फोनचं हॉटस्पॉट जोडून पाहिलं की मिनिटभरात खात्री होते.

सर्वांत जपायचा प्रसंग वेगळाच: मशीन 'प्रोसेसिंग'वर अडकतं, स्लिप येत नाही आणि ग्राहकाच्या फोनवर मात्र पैसे गेल्याचा मेसेज येतो. लगेच पुन्हा कार्ड घालू नका आणि मशीन बंदही करू नका. अर्धवट राहिलेला व्यवहार रद्द करण्याचा संदेश मशीन नेटवर्क परत आल्यावर पाठवतं. आधी व्यापारी अ‍ॅपमध्ये रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे जुळवून पाहा. व्यवहार यशस्वी दिसला तर डुप्लिकेट स्लिप काढा आणि माल द्या. 'फेल' दिसला तर ग्राहकाचा मेसेज म्हणजे आपल्याकडे पैसे आल्याचा पुरावा नव्हे. अशा वेळी आरआरएन हा व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ नंबर अ‍ॅपमध्ये असेल तर तो, तारीख, वेळ आणि रक्कम बिलामागे लिहून ग्राहकाला द्या. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे असे पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. तक्रार ग्राहकाने त्याच्या बँकेत करायची. हे शांतपणे समजावलं तर गिऱ्हाईक तुटत नाही.

चिप वाचली जात नसेल तर कार्ड कोरड्या मऊ कापडाने पुसून, सोनेरी चिप वर ठेवून, शेवटपर्यंत आत ढकला. अर्धवट घातलेलं कार्ड हे नेहमीचं कारण. टॅप करताना कार्ड पाकिटातून बाहेर काढायला लावा, एकावर एक दोन कार्डं असली की मशीन गोंधळतं.

मशीन पडू देऊ नका आणि उघडू तर मुळीच नका. आतली सुरक्षा तुटली की 'टॅम्पर' असा संदेश येतो, कार्डाची माहिती गुप्त ठेवणाऱ्या आतल्या सांकेतिक किल्ल्या पुसल्या जातात आणि मशीन बदलूनच घ्यावं लागतं. कोड पडद्यावर येत नाही म्हणून पाचातला एक तारा कापला आहे.